ॲसिड, जंतू आणि जठराचा कॅन्सर : दोनशे वर्षांची गोष्ट



आज लक्षणे आणि उपचारांच्या नेहमीच्या माहितीआधी थोडा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण झाला एका मुलाने मला विचारलेला प्रश्न.

गेल्या वर्षी पासष्टी ओलांडलेले एक काका दवाखान्यात आले. तक्रार नेहमीचीच. "डॉक्टर, पित्त फार वाढलंय. ती सकाळची गोळी जरा जास्त पॉवरची द्या." दोन वर्षे ते रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेत होते. पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिली, नंतर ते स्वतःच मेडिकलमधून आणत राहिले. बोलता बोलता समजले, की हल्ली अर्धी पोळी खाल्ली तरी पोट गच्च होते आणि कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला आहे. दुर्बिणीने तपासणी केली. जठराचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन झाले, पुढचे उपचार सुरू झाले. मग एक दिवस त्यांचा चाळिशीतला मुलगा एकटाच आला. खुर्चीवर बसून थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना आयुष्यभर ॲसिडिटी होती. मलाही आहे. ॲसिडमुळेच कॅन्सर होतो का? मीपण रोज गोळी सुरू करू का?"

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. त्याचे छोटे उत्तर "नाही" असे आहे. पण ते उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला दीडशेहून जास्त वर्षे लागली, आणि तोवर आम्ही डॉक्टरांनी भलत्याच आरोपीला धरून ठेवले होते. ती गोष्ट कळली, तर आपण काय करायचे हेही आपोआप कळेल.

पोटाला पडलेली खिडकी

जठरात काय चालते, हे दोनशे वर्षांपूर्वी कुणालाच नीट माहीत नव्हते. अन्न तिथे शिजते, कुजते की दळले जाते, यावर वाद होते. १८२३-२४ च्या सुमारास लंडनमधील डॉक्टर विल्यम प्राउट यांनी जठरातील रस तपासून सांगितले, की त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे. आपल्याच पोटात इतके तीव्र आम्ल असते, हे अनेकांना खरे वाटले नाही.

त्याच काळात अमेरिकेत एक विचित्र घटना घडली. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो जगेल असे वाटत नव्हते. पण तो जगला. जखम भरली, मात्र पोटाच्या डाव्या बाजूला थेट जठरात उघडणारे एक भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा बांधून त्या भोकातून आत सोडला आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिला. अशी वर्षानुवर्षे निरीक्षणे करून त्यांनी १८३३ मध्ये पुस्तक काढले. अन्न पचवतो तो जठरातला रस, आणि बाहेर काचेच्या बाटलीत काढून ऊब दिली तरी तो मांस विरघळवतो, हे त्यातून सिद्ध झाले. सेंट मार्टिनला या प्रयोगांचा फार कंटाळा आला होता आणि तो मधूनमधून पळूनही जाई. तो जगला मात्र १८८० पर्यंत.

या शोधातून एक समज घट्ट झाला. इतक्या तीव्र आम्लात कोणताही जीव टिकणार नाही, म्हणजे जठर हे जंतुविरहितच असणार. हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पुढचा सगळा घोटाळा याच तर्कातून झाला.

सगळा दोष ॲसिडचा

१९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ या सर्जननी एक सूत्र मांडले : आम्ल नाही, तर अल्सर नाही. ते खोटे नव्हते. पण त्याचा अर्थ "अल्सर म्हणजे फक्त जास्तीचे ॲसिड" असा घेतला गेला. शिकागोचे डॉक्टर बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये ॲसिड मारण्यासाठी रुग्णांना दर तासाला दूध आणि साय देण्याचा आहार सांगितला. पोटात जळजळले की थंड दूध प्यावे, हा सल्ला आपल्या घरातही चालतो. दुधाने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण अल्सर त्याने बरा होत नाही.

मी १९९० च्या आसपास एमबीबीएस करत होतो, तेव्हा सर्जरीच्या वॉर्डात अल्सरचे रुग्ण कायम असत. ॲसिड कमी व्हावे म्हणून जठराकडे जाणारी नस कापणे आणि जठराला आतड्याशी नवा जोड देणे हे नेहमीचे ऑपरेशन होते. बाहेरच्या रुग्णांना आम्ही सांगत असू, "काळजी करू नका, तिखट खाऊ नका, वेळेवर जेवा." मीही शेकडो जणांना हेच सांगितले आहे. आज त्याचे वाईट वाटते, कारण त्यातल्या बहुतेकांचा अल्सर चिंतेने किंवा मिरचीने झालेला नव्हता.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ पासून मिळू लागले होते. त्याने जठरातील ॲसिड कमी होई आणि अल्सर भरून येई. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. पण गोळी बंद केली, की काही महिन्यांत अल्सर परत येई. म्हणून गोळी वर्षानुवर्षे चालू राही. मूळ कारण शाबूत आहे, असा याचा अर्थ होता. तो अर्थ फार थोड्यांनी लावला.

दिसले, पण पटले नाही

खरे तर पुरावे आधीपासून समोर होते. इटलीत जूलिओ बिझोझेरो यांनी १८९० च्या दशकात कुत्र्यांच्या जठराच्या अस्तरात मळसूत्रासारखे वळलेले जंतू पाहिले होते. पुढे माणसाच्या जठरातही असे जंतू काहींना दिसले. १९२४ मध्ये जठरात युरिएज नावाचे विकर सापडले. ते कुठून आले असावे, याची समाधानकारक फोड झाली नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर पामर यांनी हजाराहून अधिक लोकांच्या जठराचे तुकडे तपासले. त्यांना जंतू सापडले नाहीत, आणि विषय मिटला असे मानले गेले. त्यांनी वापरलेल्या रंगद्रव्याने हे जंतू सहज दिसत नाहीत, हे नंतर लक्षात आले.

ग्रीसमधील जॉन लिकूडिस हे साधे जनरल प्रॅक्टिशनर. १९५८ पासून ते अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके म्हणजे अँटिबायोटिक्स देत होते आणि रुग्ण बरे होत होते. त्यांचे निबंध कुणी छापले नाहीत. उलट त्यांना दंड झाला.

आणखी एक पुरावा खास आपल्या विषयाचा आहे. १८७९ मध्ये फॉन डेन व्हेल्डेन या जर्मन डॉक्टरांनी नोंदवले, की जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या जठररसात हायड्रोक्लोरिक ॲसिड सापडत नाही. पुढे कित्येक वर्षे नळीने जठररस काढून ॲसिड आहे की नाही ते पाहणे, ही कॅन्सर ओळखायची एक पद्धतच होती. ही बाब नीट लक्षात ठेवा. कॅन्सर झालेल्यांच्या पोटात ॲसिड जास्त नव्हते. ते कमी होते, किंवा नव्हतेच.

पर्थमधले दोन डॉक्टर

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन सूक्ष्मदर्शकाखाली जठराचा एक तुकडा पाहत होते. अस्तराच्या पृष्ठभागावर त्यांना एक निळसर रेघ दिसली. भिंग वाढवले तर ते असंख्य वाकडे जंतू निघाले. चांदीचा क्षार असलेला खास रंग वापरल्यावर ते अगदी स्पष्ट दिसले. जिथे जंतू, तिथे अस्तराला सूज, हेही त्यांना पुन्हा पुन्हा आढळले. सहकाऱ्यांना फारसा रस नव्हता.

१९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागले. दोघांनी दुर्बीण तपासणीला आलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हते, आणि तेच जमत नव्हते. तीसहून अधिक नमुने दोन दिवस ठेवून, काही उगवले नाही म्हणून फेकले गेले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत मात्र एक नमुना चार-पाच दिवस तसाच राहिला. सुट्टीनंतर पाहिले, तर त्यात जंतूंची वाढ झाली होती. हा जंतू सावकाश वाढतो आणि त्याला दोन दिवस पुरत नाहीत, एवढीच अडचण होती. त्यालाच आपण आज हेलिकोबॅक्टर पायलोरी, थोडक्यात एच. पायलोरी म्हणतो.

तो आम्लात जगतो कसा? याचे उत्तर त्या युरिएजमध्ये आहे. जठरात थोडा युरिया असतोच. हा जंतू युरिएज वापरून युरियाचे तुकडे करतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया आम्लाला मारतो. म्हणजे जंतू स्वतःभोवती अमोनियाचे एक कवच धरतो, शेपट्यांच्या जोरावर पोहत अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथे ॲसिडपासून सुरक्षित राहतो. हा संसर्ग बहुधा लहानपणी, घरातल्या घरात होतो. उपचार केला नाही, तर तो सहसा आयुष्यभर राहतो.

मार्शलच्या उलटीत ॲसिड नव्हते

जंतू सूज आणतो की सुजलेल्या जागी नंतर येऊन राहतो, हा प्रश्न उरलाच होता. प्राण्यांवरचे प्रयोग फसले होते. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी आपल्या जठराची आधी तपासणी करून ते निरोगी असल्याची खात्री केली आणि जंतूंचे पाणी स्वतः प्यायले. पाचेक दिवसांनी पोट फुगू लागले, भूक गेली, तोंडाला वास येऊ लागला आणि सकाळी उलट्या होऊ लागल्या. दहाव्या दिवशी दुर्बीण घातली, तेव्हा जठराला सूज होती आणि जंतू भरलेले होते.

हा किस्सा तुम्ही कदाचित ऐकला असेल. पण त्यातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. मार्शल यांच्या त्या उलट्या पाण्यासारख्या होत्या आणि त्यात ॲसिड नव्हते.

याला जुळणारी आणखी एक घटना आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये जठरातील ॲसिड मोजण्याच्या प्रयोगात भाग घेतलेल्या ३७ निरोगी स्वयंसेवकांपैकी १७ जणांचे ॲसिड बनणे एकाएकी जवळजवळ थांबले. तेव्हा कारण कळले नाही. जुने नमुने नंतर पुन्हा तपासल्यावर एच. पायलोरीकडे बोट गेले. ॲसिड मोजायच्या उपकरणावरूनच तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला असावा, असे मानले जाते.

म्हणजे हा जंतू जठराची रसायनशाळाच बिघडवू शकतो. कुणाचे ॲसिड तो वाढवतो, कुणाचे कमी करतो. अल्सर आणि कॅन्सर यांच्या वाटा इथून वेगळ्या होतात.

कोलंबियाच्या डोंगरातला प्रश्न

पर्थच्या शोधाआधीच कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ वेगळ्या बाजूने याच ठिकाणी पोहोचत होते. त्यांच्या देशातील नारिन्यो प्रांतात डोंगराळ भागात जठराचा कॅन्सर खूप होता आणि त्याच प्रांताच्या किनारपट्टीवर तो कमी होता. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक साखळी मांडली, ती सोप्या भाषेत अशी :

आधी जठराच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहते. मग अस्तर झिजते आणि ॲसिड बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. ॲसिड घटते. झिजलेल्या जागी आतड्यासारखे अस्तर उगवते. त्यात हळूहळू विकृत पेशी तयार होतात, आणि काहींमध्ये शेवटी कॅन्सर होतो. याला कित्येक दशके लागतात.

ॲसिड घटण्याला यात इतके महत्त्व का? कारण ॲसिड हा जठराचा पहारेकरी आहे. तो नसला, की एरवी मरणारे इतर जंतू तिथे वस्ती करतात. अन्नातील आणि पाण्यातील नायट्रेटपासून नायट्राइट बनते, आणि त्यापासून नायट्रोसामाइन जातीची कॅन्सरकारक द्रव्ये तयार होऊ शकतात. निरोगी जठरात क जीवनसत्त्व या क्रियेला आळा घालते, पण झिजलेल्या जठरात तेही कमी पडते. मीठ जास्त असलेले आणि खारवलेले अन्न अस्तराला आणखी इजा करते.

कोरेआंच्या साखळीची पहिली कडी, म्हणजे ती सूज कशाने सुरू होते, हे १९७५ मध्ये स्पष्ट नव्हते. वॉरन आणि मार्शल यांनी ती कडी पुरवली. पुढे कोरेआंनीही आपल्या साखळीच्या सुरुवातीला एच. पायलोरीला जागा दिली.

साठवलेल्या रक्ताची साक्ष

तरीही "जंतूमुळे कॅन्सर" हे सिद्ध कसे करायचे? एकदा कॅन्सर झाला, की झिजलेल्या जठरात जंतूही टिकत नाही, त्यामुळे तेव्हा शोधून उपयोग नाही. इथे जुने रक्त कामी आले. हवाई बेटांवर राहणाऱ्या जपानी वंशाच्या पुरुषांचे रक्त १९६० च्या दशकाच्या अखेरीस घेऊन साठवून ठेवले होते. पुढच्या वर्षांत त्यातल्या १०९ जणांना जठराचा कॅन्सर झाला. त्यांचे जुने रक्त तपासले, तर ९४ टक्के जणांमध्ये या जंतूच्या संसर्गाची खूण आधीच होती. कॅन्सर न झालेल्यांमध्ये ती ७६ टक्के होती. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी इतर अभ्यासांतूनही असेच निष्कर्ष आले.

१९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने एच. पायलोरीला पहिल्या गटातील, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतो हे निश्चित असलेला घटक ठरवले. तंबाखूचा धूर याच गटात आहे. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले.

२००१ मध्ये जपानमधून आलेला अभ्यास तर आकड्यांतच बोलतो. १५२६ रुग्णांना सरासरी पावणेआठ वर्षे दुर्बिणीने तपासत राहिले. संसर्ग असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना कॅन्सर झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही.

एक जंतू, दोन वाटा

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. जास्त ॲसिडने कॅन्सर होतो का?

१९९६ मध्ये स्वीडनमध्ये अल्सरच्या सुमारे ५८ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जठरात अल्सर असलेल्यांमध्ये पुढे जठराच्या कॅन्सरचे प्रमाण अपेक्षेपेक्षा १.८ पट होते. पण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर असलेल्यांमध्ये ते उलट कमी, ०.६ पट होते. दोन्ही अल्सरचे एक मोठे कारण हाच जंतू!

फरक सुजेच्या जागेचा आहे. सूज जठराच्या खालच्या टोकाला राहिली, तर ॲसिड वाढते आणि ते पुढे आतड्यात उतरून तिथे अल्सर करते. या लोकांना त्रास खूप होतो, पण ॲसिड बनवणाऱ्या पेशी शाबूत असतात. सूज जठराच्या मुख्य भागात पसरली, तर त्या पेशीच मरतात, ॲसिड घटते आणि कोरेआंची साखळी सुरू होते. अशा माणसाला जळजळ होईलच असे नाही. बरीच वर्षे तो काहीच तक्रार करत नाही.

म्हणून जळजळ किती होते यावरून कॅन्सरचा धोका मोजता येत नाही.

भारतात काय?

आपल्याकडे हा जंतू अगदी सर्रास आहे. प्रौढांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पोटात तो असतो. तरी जपान-कोरियाच्या तुलनेत आपल्याकडे जठराचा कॅन्सर बराच कमी आहे. म्हणजे जंतू हे मोठे कारण असले, तरी ते एकटे पुरत नाही. जंतूचा वाण, माणसाचा वंश, आहार, मीठ, तंबाखू हे सगळे त्यात येते. देशात या कॅन्सरचे प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. तिथे धुरावर वाळवलेले मांस खाण्याची आणि तंबाखूचा धूर मुरवलेले पाणी तोंडात धरण्याची पद्धत आहे, आणि अभ्यासकांनी त्यांचा संबंध या कॅन्सरशी जोडला आहे.

त्यामुळे रिपोर्टमध्ये "एच. पायलोरी पॉझिटिव्ह" दिसले म्हणून घाबरून जाऊ नका. बहुतेकांना आयुष्यात कधीच कॅन्सर होत नाही. पण दुर्लक्षही करू नका.

मग तुम्ही काय करायचे?

१. धोक्याची लक्षणे गोळीखाली दाबू नका. वजन घटणे, थोडे खाल्ल्यावर पोट भरणे, सारख्या उलट्या, गिळताना अडकणे, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास. यातले काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. तिला पाच-दहा मिनिटे लागतात. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.)

२. जंतूची तपासणी कुणी करावी? अल्सर झालेल्यांनी, सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर असलेल्यांनी, अपचनाचा त्रास बरेच महिने असलेल्यांनी, आणि ॲसिडिटीची गोळी किंवा ॲस्पिरिन, वेदनाशामके दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावे. श्वासाची चाचणी, शौचाची चाचणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला तुकडा, यांतून संसर्ग आत्ता आहे का ते कळते. नुसत्या रक्ततपासणीत जुना संसर्गही दिसू शकतो.

३. तपासणीआधी गोळी थांबवावी लागते. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे जंतू दबून राहतो आणि रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. साधारण दोन आठवडे आधी त्या बंद कराव्या लागतात, अँटिबायोटिक घेतले असेल तर चार आठवडे थांबावे लागते. पण हे डॉक्टरांना विचारूनच करा.

४. उपचार पूर्ण करा. दोन किंवा अधिक अँटिबायोटिक्स आणि ॲसिडची गोळी, बहुधा १४ दिवस. तोंड कडू होते, मळमळते, म्हणून सातव्या दिवशी सोडू नका. आपल्याकडे काही औषधांना हा जंतू दाद देत नाही, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून स्वतः औषध आणू नका. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही, ते पुन्हा तपासा.

५. ॲसिडिटीची गोळी वाईट नाही. अल्सर भरायला, अन्ननलिकेच्या जळजळीला, काही औषधांपासून जठर वाचवायला ती लागते. ज्यांना ती अशा कारणासाठी दिली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. प्रश्न आहे तो कारण न शोधता वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीचा.

६. मीठ, लोणची-पापड आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा. ताजी फळे आणि भाज्या रोज खा.

त्या मुलाचे काय झाले?

मी त्याला हेच सगळे सांगितले. आणि कोरियातील एका अभ्यासाबद्दलही सांगितले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांचे सख्खे नातेवाईक होते, आणि सगळ्यांना हा संसर्ग होता. अर्ध्यांना जंतूवर उपचार दिले, अर्ध्यांना नाही. नऊ वर्षांनंतर उपचार घेतलेल्यांत १.२ टक्के जणांना कॅन्सर झाला, न घेतलेल्यांत २.७ टक्के जणांना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला, पण शून्य झाला नाही. अस्तर झिजण्याआधी उपचार झाले तर फायदा जास्त होतो. झीज झालेली असेल, तर जंतू गेल्यावरही ठरावीक वर्षांनी दुर्बिणीने पाहत राहावे लागते.

त्याची तपासणी केली. जंतू होता, सूज होती, झीज नव्हती. चौदा दिवसांचे उपचार त्याने पूर्ण केले. सहा आठवड्यांनी श्वासाची चाचणी निगेटिव्ह आली. रोजची गोळी त्याला लागली नाही. रिपोर्ट घेताना तो म्हणाला, "बाबांना हे आधी कळलं असतं तर?" मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. दोन वर्षांपूर्वी काका मेडिकलऐवजी तपासणीला गेले असते, तर कदाचित बरेच काही वेगळे झाले असते. काकांचे उपचार अजून चालू आहेत.

तुमच्या घरातही उशीजवळ ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असेलच. आज घरातल्या मोठ्यांना एवढेच विचारा : ही गोळी किती दिवसांपासून चालू आहे, कशासाठी, आणि कुणी सांगितली? या तीन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढची पट्टी आणण्याआधी त्यांना एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा.